शैलजाबाईंना गाडी लागते

जबलपूरला अधारतालच्या मेन रोडवरून आत वळलं की किराणा दुकानाशेजारच्या गल्लीत शैलजाबाईंचं घर. पत्ता विचारणाऱ्याने नुसतं नाव सांगितलं तर दुकानदार विचारात पडायचा. मग कुणीतरी म्हणायचं, "अरे वो मराठी आंटी, जिनको बस में उल्टी होती है," आणि लगेच दोन-तीन हात एकदम घराकडे व्हायचे.

ही कीर्ती त्यांनी वर्षानुवर्षं मिळवली होती. नणंद सिहोऱ्याला दिलेली, त्यामुळे संक्रांतीचं हळदीकुंकू, बारसं, मुंज, काही ना काही निघायचं आणि सिहोऱ्याची बस धरावी लागायची. तासाभराचा तो रस्ता, पण शैलजाबाई घरी परतल्या की दोन दिवस पेजेवर असत. पाटनच्या एका लग्नात तर त्या वऱ्हाडाच्या बसमधून उतरताच ओकल्या त्या थेट नवऱ्या मुलाच्या मामाच्या नव्या जोड्यांवर. मामा आता हयात नाहीत, जोड्यांची गोष्ट मात्र अजून प्रत्येक लग्नात निघते.

प्रवासाचा त्यांचा सगळा सरंजाम ठरलेला होता. मुठीत लिंबू, पदराच्या गाठीत ओवा, पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, पुढची खिडकी. गाडी सुरू झाली की डोळे गच्च मिटायचे आणि मनात स्तोत्र सुरू करायचं. हे त्यांच्या आईने शिकवलं होतं. वरुडहून लग्न होऊन निघताना आईने कानात संसाराचं काही सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की गाडी हलली की डोळे मिट, उघडू नको. शैलजाबाईंनी ते जन्मभर पाळलं. त्यामुळे सिहोऱ्याला त्या कितीदा गेल्या असतील, पण वाटेत काय काय आहे हे त्यांना सांगता आलं नसतं. बस थांबली की डोळे उघडायचे, समोर नणंदेचं गाव असायचं.

या सगळ्याचं आजवर काही अडलं नव्हतं. अडलं ते या हिवाळ्यात.

त्यांची एकुलती एक मुलगी अपूर्वा अल्मोड्याला होती. जावई आल्हाद तिथे सरकारी नोकरीत. अपूर्वाला दिवस गेलेले, पहिलंच. माहेरी यायचं ठरलं होतं, शैलजाबाईंनी डिंक आणि खारका आणून ठेवल्या होत्या. पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की प्रवास नाही, जिने नाहीत, घरातच राहायचं. आल्हादची आई तो कॉलेजात असतानाच गेलेली. अपूर्वाने फोन केला. आधी बराच वेळ थंडीबद्दल बोलली, मटार काय भाव आहेत ते विचारलं, आणि मग एकदम म्हणाली, "आई, तू येशील?"

"येते की," शैलजाबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. त्यांचे यजमान मुरलीधरराव समोर पेपर वाचत होते. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून ते पेपर दोनदा वाचत.

"अल्मोडा पहाडावर आहे, माहीत आहे ना?" ते पेपराआडून म्हणाले. "काठगोदामपर्यंत रेल्वे. रेल्वे तुला चालते. पुढे तीन-चार तास नुसती वळणं. तू सिहोऱ्यापर्यंत धड पोचत नाहीस."

"मग? पोरीला नाही म्हणू?"

"नाही कुठे म्हणतोय मी. फक्त सांगून राहिलो."

त्या दिवसापासून शैलजाबाईंच्या पोटात गाडीत न बसताच ढवळायला लागलं.

अशा वेळी प्रणोती आली. गल्लीच्या टोकाच्या कान्हेऱ्यांची मुलगी, इंजिनिअरिंग कॉलेजात एम.टेक. करत होती. तिच्या घरी तीन पिढ्यांपासून जबलपूरच, त्यामुळे मराठी तिला सगळं समजायचं, बोलताना मात्र ती एकेक शब्द चाचपत यायची. शैलजाबाई अंगणात उन्हात पाटनच्या मटारांचा ढीग घेऊन सोलत बसल्या होत्या. प्रणोतीने जमिनीवर बसकण मारली आणि न विचारता सोलायला लागली.

"काकू, मला ना... मतलब, माझ्या प्रोजेक्टसाठी... तुमच्यासारखे लोक पाहिजे."

"माझ्यासारखे म्हणजे?"

प्रणोतीने मटाराच्या शेंगेकडे पाहिलं. "ज्यांना उल्टी होते."

आतून मुरलीधररावांचा आवाज आला, "मग बरोब्बर घरी आलीस बेटा!"

प्रणोती लाल झाली, पण मग तिने नीट सांगितलं. डोळ्यांवर एक मोठा चष्मा चढवतात, त्यात वेगळीच दुनिया दिसते. मुलं त्यात गेम खेळतात. माणूस खोलीतच असतो, पण त्याला वाटतं आपण फिरून राहिलो. त्या दुनियेत पुढे कसं जायचं याच्या वेगवेगळ्या तऱ्हा आहेत, आणि कोणत्या तऱ्हेने कोणाला किती मळमळतं, हे तिला तपासायचं होतं. "पण आमच्या क्लासचे मुलं दिवसभर तेच खेळतात, काकू. त्यांना काही होतच नाही. सर म्हणाले, ज्यांना होतं त्यांना आणा."

शैलजाबाईंचा हात थांबला. "त्याने सवय होते का गं?"

"कभी कभी होते. पण मी डॉक्टर नाही हां, काकू. ये इलाज नहीं है."

वाक्याचा पुढचा अर्धा भाग शैलजाबाईंनी ऐकला नाही, किंवा ऐकून ठेवून दिला. "कधी येऊ?" त्या म्हणाल्या.

कॉलेजची ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती. जाड पडदे, फरशीवर रंगीत पट्ट्यांनी आखलेला चौकोन, त्याभोवती धरायला कठडा, आणि एका कोपऱ्यात धुऊन पुसून ठेवलेली निळी बादली. बादली पाहून शैलजाबाईंना बरं वाटलं. त्यांच्यासाठी आधीपासून एवढी तयारी आजवर कुणी करून ठेवली नव्हती.

चष्मा चढला. पदर अडकला, तो सोडवला. आणि मग एकदम एक बाजार उभा राहिला, माणसं नसलेला. एक मोठं झाड, त्याच्याभोवती पार, तिथून फुटणाऱ्या गल्ल्या, बंद दुकानं. शैलजाबाईंनी हात पुढे केला तर त्यांना स्वतःचा हात दिसेना.

"पहिली तऱ्हा," कुठूनतरी प्रणोतीचा आवाज आला. "हातात कांडी आहे ना, ती अंगठ्याने पुढे ढकला. तुम्ही सरकत जाल. गल्लीच्या शेवटी लाल मडकं आहे, ते उचला. मग मला सांगायचं की झाड कुठल्या बाजूला आहे. बस."

शैलजाबाईंनी कांडी ढकलली. बाजार अंगावर आला. पायाखालची फरशी सांगत होती तू उभी आहेस, डोळे सांगत होते तू चाललीस. कुणाचं ऐकावं हे ठरेपर्यंत पहिलं वळण आलं, आणि दुसऱ्या वळणाच्या आधी त्यांनी कठडा धरून एवढंच म्हटलं, "प्रणोती, बादली."

थोड्या वेळाने पाणी पिऊन त्या खुर्चीत बसल्या. त्यांना राग आल्यासारखं झालं होतं, पण कशाचा ते सांगता येत नव्हतं.

"अगं, पण मीच तर चालवत होते ना? हे नेहमी सांगतात, ड्रायव्हरला कधी गाडी लागत नाही, स्टेअरिंग त्याच्या हातात असतं म्हणून. मग मला काहून लागली?"

"तिकडे बसमध्ये अंग हलतं, आणि डोळ्यांना समोरची सीट दिसते, एकदम स्थिर. इकडे उलटं आहे. अंग स्थिर, डोळ्यांना हलताना दिसतं. दोघांची लढाई होते."

"उलटं आहे तर मग बरं वाटायला पाहिजे."

"हो ना," प्रणोती म्हणाली. "पण होत नाही."

दुसरी तऱ्हा उडीची होती. जिथे जायचं तिकडे बोट दाखवायचं, क्षणभर अंधार, की आपण तिथे. शैलजाबाईंनी भीतभीत बोट दाखवलं. अंधार, उजेड, दुकान समोर. पुन्हा बोट, पुन्हा अंधार. मळमळ नाही, साधी ढेकरसुद्धा नाही. त्या एखाद्या लहान मुलीसारख्या भराभर उड्या मारत मडक्यापाशी पोचल्या.

"प्रणोती! काहीच नाही झालं गं!"

"आता झाड कुठे आहे ते दाखवा."

शैलजाबाईंनी ठामपणे उजवीकडे हात केला. प्रणोती म्हणाली, "मागे वळा, काकू." त्या वळल्या. झाड पाठीमागे होतं.

"मी इकडून आले ना?"

"नाही."

"असं कसं? मग मधला रस्ता कुठे गेला?"

"तो..." प्रणोती अडखळली. "तुम्ही त्यातून गेलाच नाही, काकू. तुम्ही सरळ पोचला."

तिसऱ्या तऱ्हेत जागच्या जागी पावलं उचलायची होती. पाऊल उचललं की बाजार तेवढाच पुढे सरके. गुडघे दुखले, थोडं गरगरलं, पण झाड अचूक दाखवता आलं. प्रणोती खूश होऊन लॅपटॉपवर काहीतरी टिपत राहिली. शैलजाबाईंच्या डोक्यात मात्र तो उडीतला रस्ता अडकून बसला. पोचलो, पण गेलो नाही. त्यांनी ते दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. वरुडहून जबलपूरला आलो तेव्हाही असंच काहीसं झालं होतं, पण ते इथे बोलण्यासारखं नव्हतं.

घरी मुरलीधररावांनी सगळं ऐकून घेतलं. "अच्छा. म्हणजे सरकलीस तर लागते, उडी मारलीस तर हरवतेस, आणि जागच्या जागी चाललीस तर गुडघे दुखतात. मग अल्मोड्याला यातलं कोणतं करणार आहेस?"

"सरकायची सवय करणार आहे," शैलजाबाई म्हणाल्या. "बस सरकतेच ना? ते जमलं की बस जमेल."

हे त्यांना इतकं सरळ वाटलं की त्यांनी प्रणोतीच्या मागे लागून सरकण्याच्या फेऱ्या वाढवून घेतल्या. प्रणोती आधी नाही म्हणाली, मग तिच्या सरांनी सांगितलं की एकाच माणसाला पुन्हा पुन्हा तेच दिलं तर काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. मग शैलजाबाई दर दोन-तीन दिवसांनी ई-रिक्षाने कॉलेजात जाऊ लागल्या. चौकीदार त्यांना "मैडम" म्हणू लागला.

दुसऱ्या खेपेला बादली लागली, पण उशिरा. पुढच्या खेपेला नुसतं तोंडाला पाणी सुटलं. आणि त्याच्या पुढच्या खेपेला काहीच झालं नाही. प्रणोती मध्ये मध्ये विचारायची, "काकू, मळमळ किती? शून्य ते दहा?" आणि शैलजाबाई शांतपणे म्हणायच्या, "शून्य." फक्त वळणावळणावर त्या जरा थबकत, पण मडक्यापाशी पोचत. प्रणोतीचे सरही एकदा दारात उभे राहून पाहून गेले.

गल्लीभर बातमी झाली. सिहोऱ्याहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, मशिनने बरं केलं म्हणे तुम्हाला! आमच्या धाकट्याला, शालिग्रामलाही घेऊन येऊ का, त्याला झोपाळ्यावर लागते." मुरलीधरराव काही न बोलता तिकिटं काढून आले, दिल्लीपर्यंतची आणि तिथून काठगोदामपर्यंतची. कान्हेरेवहिनींनी त्यांचा जुना लोकरीचा कोट पाठवला. शैलजाबाईंनी डिंकाचे लाडू वळायला घेतले, आणि वळता वळता फोनवर अपूर्वाला म्हणाल्या, "आता मला काही होत नाही गं. कशानेच नाही." अपूर्वाने नुसतं "आई!" म्हटलं.

लाडू थंड व्हायला ठेवले होते त्या संध्याकाळी प्रणोती लॅपटॉप घेऊन आली. चेहरा उतरलेला. तिने स्क्रीन वळवून शैलजाबाईंसमोर धरली. वर बाजारातला त्यांचा मार्ग रेषेने काढलेला होता, आणि त्याखाली एक लांब पट्टी होती, बरीचशी काळी, मधूनच पांढरे ठिपके.

"काकू, चष्म्यात छोटा कॅमेरा असतो. तो तुमची बुबुळं पाहतो. मी आज ग्राफ बनवायला बसले तर... ये देखिए. काळं आहे तिथे बुबुळच नाही." तिने पट्टीवर बोट ठेवलं. "तुम्ही डोळे मिटत होता?"

"मग?" शैलजाबाईंना प्रश्नच समजला नाही. "गाडी सुरू झाली की डोळे मिटायचेच ना."

"पण ती गाडी नव्हती, काकू!"

"सरकत होती ना पण."

मुरलीधररावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"डोळे मिटून तुम्ही मडक्यापर्यंत गेला कसे?" प्रणोतीचा आवाज चढला होता.

"त्यात काय? स्तोत्राच्या चार ओळी म्हणेपर्यंत पहिली गल्ली संपते. मग डोळे उघडायचे, वळायचं, पुन्हा मिटायचे. दुसरी गल्ली लांब आहे, तिला सहा ओळी लागतात. शेवटची छोटी, दोनच."

मुरलीधररावांना ठसका लागला. तो ठसका होता की हसू, हे कळायला मार्ग नव्हता. प्रणोती मात्र हसली नाही. ती पायरीवर बसली आणि कपाळाला हात लावला.

"मी सरांना सांगितलं, इम्प्रूवमेंट आहे म्हणून. सरांनी पुढे सांगितलं."

"मग ते खोटं झालं का?"

"खोटं नाही... पता नहीं. तुम्ही खरंच शून्य होता. पण डोळे मिटले तर सगळेच शून्य होतील ना. काही दिसतच नाही तर लढाई कसली?"

शैलजाबाईंनी त्या काळ्या पट्टीकडे पाहिलं. त्या पट्टीत त्यांचं इतक्या वर्षांचं येणंजाणं दिसावं तसं ते होतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे मला लागते की नाही लागत?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून कॉलेजात गेल्या, चष्मा चढवला, आणि शपथ घेतल्यासारखे डोळे उघडे ठेवले. निळी बादली कामाला आली. प्रणोतीने लॅपटॉपवर एक आकडा टिपला. शैलजाबाईंनी तो विचारला नाही. निघताना प्रणोती म्हणाली, "सॉरी, काकू." त्या म्हणाल्या, "तुझं काही नाही गं, मीच सांगायला पाहिजे होतं." पण काय सांगायला पाहिजे होतं, हे त्यांना अजून धड समजलं नव्हतं. डोळे मिटणं हीसुद्धा सांगायची गोष्ट असते, हे त्यांना कसं ठाऊक असणार?

घरी येऊन त्यांनी अपूर्वाला फोन लावला. जमणार नाही असं सांगायचं, हे वाटेत ठरवलं होतं. पण अपूर्वाच आधी बोलायला लागली. खोलीत हीटर लावून घेतलाय, शेजारच्या पंतकाकूंना सांगून ठेवलंय की आमची आई येऊन राहिली, त्या रोज विचारतात कधी येणार म्हणून. शैलजाबाई "हो, हो" म्हणत राहिल्या आणि फोन ठेवला.

"तिकिटं कॅन्सल करू काय?" मुरलीधररावांनी विचारलं. या वेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"राहू द्या."

"काहून पण? आता तर पक्कं झालं ना, तुला लागते म्हणून."

"काय पक्कं झालं तेच मला नाही समजून राहिलं. पण राहू द्या."

रेल्वेने नेहमीप्रमाणे साथ दिली. काठगोदामला सकाळी उतरले तेव्हा हवेत ओल्या लाकडांचा वास होता. स्टेशनबाहेर टॅक्सी ठरवली. ड्रायव्हरने शैलजाबाईंच्या मुठीतलं लिंबू पाहिलं.

"माताजी को उल्टी होती है?"

"बहुत," मुरलीधरराव म्हणाले. त्यांच्या सांगण्यात थोडा अभिमानही होता.

शैलजाबाई पुढे बसल्या. गाडी हलली आणि डोळे आपोआप मिटले, स्तोत्र सुरू झालं. पहिल्या चार ओळींत गाडी तीनदा वळली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. पुढचं वळण कुठून येणार हे अंगाला कळेना, ते आलं की कळे. चष्म्यातल्या बाजारात ओळी संपल्या की गल्ली संपायची. इथे ओळी संपल्या, पुन्हा पहिल्यापासून झाल्या, आणि भीमताल यायच्या आत पिशवी लागली.

तोंड धुऊन त्या पुन्हा बसल्या आणि विचार करू लागल्या. तिकडे पाय खरं सांगत होते आणि डोळे खोटं दाखवत होते, म्हणून डोळे मिटले की भागत होतं. इथे खोटं कोण बोलतंय? गाडी खरंच वळतेय, रस्ता खरंच वाकडा आहे. मग डोळे मिटायचे तरी कशासाठी?

त्यांनी डोळे उघडे ठेवले.

रस्ता हा प्रकार त्यांनी असा कधी पाहिलाच नव्हता. एक वळण यायच्या आधी दिसायचं. झाडामागून त्याचा कठडा डोकवायचा, मग मैलाचा पिवळा दगड, मग वळण. दगडावर वानर बसलेलं. एक बाई डोक्यापेक्षा मोठा गवताचा भारा घेऊन निघालेली. शैलजाबाईंची मान वळणाच्या आधीच तिकडे कलू लागली, ड्रायव्हरची कलत होती तशी. पोटातलं ढवळणं खाली बसलं. भवालीला त्यांनी चहाही घेतला.

"काय म्हणते तब्येत?" मागून प्रश्न आला.

"बरी आहे. बोलू नका."

इथे सगळं संपलं असतं तर शैलजाबाईंना प्रणोतीला फोन करून सांगता आलं असतं की बघ, असं आहे. पण खैरना गावाच्या पुढे नदीकाठ सोडून चढ लागला, वळणं जवळजवळ आली, आणि डोळे टक्क उघडे असतानाच त्यांना पुन्हा भडभडून आलं. म्हणजे हेही नाही. त्यांनी ड्रायव्हरच्या बाहीला हात लावला. "भैया, रोको."

त्या उतरल्या, उलटी केली, आणि गाडीत बसायचं सोडून चालायला लागल्या.

"माताजी! अल्मोड़ा पैदल जाएँगी क्या?"

शैलजाबाईंनी हाताने खूण केली, ये मागून. कान्हेरेवहिनींचा कोट, त्याखाली नऊवारीसारखी उंच खोचलेली साडी, पायात कापडी बूट. त्या कठड्याच्या कडेने चालत होत्या आणि टॅक्सी त्यांच्या मागे, मुलीला शाळेत सोडायला निघाल्यासारखी हळूहळू येत होती. एक बस समोरून गेली, तिच्या सगळ्या खिडक्यांतून माणसांनी वळून पाहिलं. दोन वळणं झाल्यावर त्या आपण होऊन गाडीत बसल्या. पुढे बराच वेळ ठीक गेलं. मग पुन्हा बाहीला हात.

दुसऱ्या वेळी मुरलीधररावही मफलर गुंडाळत उतरले. "अगं, पोरगी बाळंत होईल तिकडे तोवर."

"अजून अवकाश आहे तिला."

"तुला लागून राहिली की नाही, एक काय ते सांग. म्हणजे मी ड्रायव्हरला सांगतो."

"चालताना नाही लागत."

"चालताना कोणालाच लागत नाही, शैलजा!"

"मग झालं तर."

मुरलीधरराव मागे, त्या पुढे, आणि त्यांच्या मागे टॅक्सी. ड्रायव्हरने काच खाली करून रेडिओ लावला. तीन-चार तासांच्या रस्त्याला सहा तास लागले. कुठे बसून, कुठे चालून, कुठे डोळे उघडे ठेवून आणि एकदा थकून मिटूनही. कशामुळे बरं वाटलं आणि कशामुळे वाईट, हे शैलजाबाई मनात लावून पाहत होत्या, पण दोन वळणं सारखी वागत नव्हती.

अपूर्वाचं घर रस्त्याच्या खाली होतं, दगडी पायऱ्या उतरून. तिला पायऱ्यांची मनाई, म्हणून ती खालीच दारात उभी होती, शाल लपेटून. आल्हाद सामान घ्यायला धावत वर आला.

"आई, लागली का गं गाडी?" अपूर्वा खालूनच ओरडली.

मुरलीधररावांनी तोंड उघडलं, त्यांच्याजवळ आता सांगायला भरपूर होतं. शैलजाबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं आणि भिंत धरून एकेक पायरी उतरल्या. खाली पोचल्या तरी अंगातली गाडी थांबली नव्हती. दार हलत होतं, अंगण हलत होतं, समोरचे डोंगर एका बाजूने वर चढत होते. अपूर्वा बरीच बारीक झाली होती आणि खूप मोठी झाली होती.

"आत्ता हललं बघ," तिने आईचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. "कळलं?"

शैलजाबाईंनी लक्ष लावलं. तळहाताखाली काहीतरी होतं. पण तो हातच अजून थरथरत होता, आणि पायाखालची फरशी, आणि सगळंच.

"मला काही कळून नाही राहिलं," त्या म्हणाल्या.

"मग ठेव हात तसाच," अपूर्वा म्हणाली.

त्यांनी ठेवला.